खेळाडूचे वडील

आमच्या सोसायटीत तीन वर्षांखालच्या मुलांच्या शर्यतीला लेखी नियम आहेत. बाकी कशालाच नाहीत. पार्किंगला नाहीत, पाण्याला नाहीत, गच्चीत पापड कुणी कुठे वाळत घालायचे यावरून तर दरवर्षी नव्यानं भांडण होतं. पण या शर्यतीचा नियम जिन्याखालच्या फळ्यावर ऑइलपेंटनं लिहिलेला आहे: 'धावणाऱ्या मुलास कोणीही उचलू नये.' ज्या माणसाच्या हट्टापायी हे झालं तो आता चाकणला असतो. फळा मात्र आहे, आणि नवे भाडेकरू तो वाचून हसतात.

तो आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचा. काटकुळा, उंच, मान कायम दोन पावलं पुढे. सातपूरच्या एका कारखान्यात तयार झालेले भाग मोजून बघायचे, चांगले पुढे पाठवायचे आणि वाईट बाजूला टाकायचे, हे त्याचं काम. ते काम तो घरी येताना कारखान्यात ठेवून येत नसे. आमच्याकडे चहाला आला की आधी कप उलटा करून बुड बघायचा. "काकू, बारीक तडा हाय याला. पण वर्षभर चालंल," असं म्हणून मग त्याच कपातून चहा प्यायचा. पायात बाराही महिने कंपनीचे लोखंडी टोकाचे बूट. लग्नालाही तेच. त्याची बायको लाजून अर्धी व्हायची. "दुसरे घेतले तर घालायचे कधी?" हे त्याचं उत्तर.

या बुटांशी माझं वैर होतं. माझं दार जिन्याच्या अगदी समोर. मी रोज उजाडताना दारात रांगोळी काढते, आणि नोकरीत होते तेव्हाही एक दिवस चुकवलेली नाही. पहिली पाळी असली की हा धडधडत जिना उतरायचा आणि त्याचा बूट रांगोळीच्या एका कोपऱ्यावरून जायचा. मधोमध कधीच नाही, एक कोपरा फक्त. "सॉरी काकू!" हे तो मोटारसायकलला किक मारताना ओरडायचा. मी त्याच्या बायकोकडे तक्रार केली तेव्हा ती म्हणाली, "काकू, त्यांना खाली बघायचं माहीतच नाही." मग मी तो कोपरा साधाच काढायला लागले. वेळ तरी वाचतो.

त्यांची मुलगी ओवी. तो मात्र तिला खेळाडू म्हणायचा. "खेळाडू झोपलाय, हळू बोला." "खेळाडूला आज वरण नको, भात पाहिजे." पण हे पुढचं. आधी बराच काळ ती खेळाडू नव्हती. ती चालतच नव्हती.

पहिला वाढदिवस होऊन कितीतरी महिने गेले तरी बाई भिंत सोडायला तयार नाही. धरून उभी राहायची, धरून चार पावलं टाकायची, आणि हात सुटला की खाली बसायची. डॉक्टरांनी तपासलं, दुसऱ्यांनीही तपासलं. काही नाही, चालेल म्हणाले. येवल्याहून तिच्या आजीनं पांगुळगाडा पाठवला. बापानं आधी त्याची तिन्ही चाकं काढून पाहिली, एक डगमगतंय म्हणून त्याला वॉशर घातला, आणि मग लेकीला दिला. लेकीनं पांगुळगाड्यात बाहुली बसवली आणि स्वतः शेजारी बसून राहिली.

फाटकाजवळ कडुनिंबाखाली आमच्याकडे एक बाक आहे. संध्याकाळी त्यावर मेथी निवडली जाते आणि बाकीच्यांची घरंही निवडली जातात. त्या बाकाचा प्रश्न ठरलेला. "काय हो, चालायला लागली का?" मग कुणाचा नातू दहाव्या महिन्यात पळत होता, कुणाच्या पुतण्याला कुठल्या तेलानं गुण आला, कुणाच्या ओळखीतलं एक मूल कसं कधीच चाललं नाही. वाईट मनाच्या नाहीत त्या बायका. पण प्रश्न रोजचा होता, आणि बापाला तोच रस्ता होता. तो हसून म्हणायचा, "पोरगी ओके हाय मावशी. जरा टाइम लागतोय."

एकदा त्याची बायको माझ्या स्वयंपाकघरात बसून शेंगा सोलत होती. म्हणाली, "काकू, हे आता सोसायटीच्या मागच्या फाटकानं येतात."

"का बरं?"

"बाक लागतो ना पुढं." तिनं पुढची शेंग उचलली. "दुसरी पाळी असली की दुपारी ती झोपलेली असते, तेव्हा तिचे तळवे हातात घेऊन बघत बसतात. कारखान्यात बघतात तसं. मी म्हणते, काय शोधताय? तर म्हणतात, काही नाही, चांगले आहेत."

मग एका सकाळी पोर गॅसच्या ओट्यापासून दारापर्यंत कशालाही न धरता चालत आली. का आली, कुणाला माहीत. तिच्या बापानं त्या दिवशी सोसायटीत पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर म्हणाला, "काही नाही, सहज." बाकावर जरा जास्तच वाटले. आणि त्याच महिन्यात त्यानं तिचं नाव पहिल्या शर्यतीत घातलं.

लोक मुलांना शर्यतीत पळवतात ते फोटोसाठी. याचं तसं नव्हतं. त्याचं एक तंत्र होतं. पोरीच्या पुढे तो स्वतः उलटा पळायचा. कमरेत वाकून, दोन्ही हात पसरून, मागे अजिबात न बघता, आणि तोंडानं हळू आवाजात एकसारखं "ये ये ये ये". ओरडायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, हात लावायचा नाही. उलटं पळताना तो लोकांवर आपटला, खुर्च्यांवर आपटला, एका ठिकाणी रसवंतीवाल्याच्या बादलीत बसला. पोरगी प्रत्येक वेळी खदाखदा हसायची. शर्यत संपली की दोघं उभी राहून गंभीरपणे हस्तांदोलन करायची. "बरं पळालात, मॅडम." तीही मान हलवायची.

सराव आमच्या डोक्यावर चालायचा. आधी तो रीतसर परवानगी मागायला आला. "काकू, दुपारी थोडा आवाज होईल. चालंल?" थोडा! त्याच्या बुटांचा दणदण आणि त्यामागून तिच्या बुटांचा पीं पीं. लहान मुलांचे ते वाजणारे बूट असतात ना, तसे. या पीं पींनं खेळाडूचं लक्ष विचलित होतं असा शोध त्यानं लावला आणि पक्कड घेऊन बुटातल्या शिट्ट्या काढून टाकल्या. मला वाटलं, सुटले. पण पोरगी बूट घालून उभी राहिली, एक पाय आपटला, दुसरा आपटला, खाली वाकून बुटाला कान लावला आणि बसली. पळायलाच तयार नाही. दोन दिवस डोक्यावर शांतता होती. तिसऱ्या दिवशी हा खाली आला. "काकू, फेविक्विक हाय का?" शिट्ट्या परत बसल्या. "आवाज पार्टातच हाय तिच्या," तो मला म्हणाला, "काढता येत नाय."

मग नाशकात आणि आसपास जिथे म्हणून लहान मुलांची शर्यत असेल तिथे ही दोघं जायला लागली. मोटारसायकलच्या टाकीवर पोरगी, मागे पाण्याची बाटली आणि बायको. चपलांच्या दुकानाचं उद्घाटन, शाळेचं गॅदरिंग, गावची जत्रा, काहीही. आणि सगळीकडे एकच व्हायचं. पोर निम्म्यापर्यंत पळायची, मग काहीतरी दिसायचं आणि थांबायची. आणि थांबलेलं मूल दिसलं की आपल्या लोकांचे हात आपोआप पुढे होतात. ओळख असो नसो. कुणीतरी मावशी, कुणीतरी काका धावत यायचे, "अगं माझी सोनुली," करून उचलायचे, आणि शर्यत कुणाच्या तरी कडेवर संपायची.

लासलगावला त्याचे मामा कांद्याच्या आडतीवर होते. लिलाव बंद असलेल्या दिवशी बाजारसमितीच्या मोकळ्या आवारात कुठल्याशा मंडळानं मुलांचे खेळ ठेवले होते. ओवी चांगली पळाली, पण वाटेत तिला कांद्याचा पापुद्रा दिसला. वाऱ्यानं उडणारा, गुलाबी. ती त्याच्यामागे गेली. एका भल्या गृहस्थानं तिला उचललं, पळत जाऊन रेघेपलीकडे ठेवलं, आणि आयोजकांनी तिला पहिलं बक्षीस देऊन टाकलं. स्टीलचा डबा. यानं तो डबा त्या गृहस्थाच्या हातात दिला. "घ्या. तुम्ही पोचले, ती नाय पोचली." गृहस्थ इतके चिडले की मामांना मधे पडावं लागलं. "पोरीचं कौतुक केलं तर हा माणूस मलाच डबा देतो!"

येवल्याकडे सासुरवाडीला तर खुद्द सासूबाईच मैदानात शिरल्या. "ऊन लागतंय माझ्या लेकराला, तुला काही हाय का?" म्हणत त्यांनी नातीला पदराखाली घेतलं. त्यानं सासूबाईंनाही बाद ठरवलं. जेवायला बसेपर्यंत बोलला नाही, असं बायको सांगते. मग मांडे वाढले तेव्हा बोलला.

मी त्याला एकदा म्हटलं, "अहो, एवढंसं पोर. उचललं कुणी तर काय बिघडलं?"

तो म्हणाला, "काकू, चालू मशीनीतून पार्ट काढला तर तो चांगला हाय का वाईट, कुणाला कळंल? पूर्ण होऊ द्या ना. नंबर नाय आला तरी चालंल. पण होऊ द्या."

हिवाळ्यात बातमी आली की त्याचा विभाग चाकणला जाणार. मार्चमध्ये बिऱ्हाड हलवायचं. आमच्याकडे सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर खेळ असतात. हा सोसायटीच्या मीटिंगला आला, पहिल्यांदाच. सेक्रेटरी पार्किंगबद्दल बोलत होते. तो उभा राहिला आणि म्हणाला, लहान गटाला नियम पाहिजे, कुणी उचलायचं नाही. लोक हसले. तो बसला नाही. सेक्रेटरी म्हणाले, ठीक आहे, सांगू सगळ्यांना. तो म्हणाला, लिहा. शेवटी वैतागून सेक्रेटरींनी लिहून दिलं आणि याच पठ्ठ्यानं दुसऱ्या दिवशी रंगाचा डबा आणून ते फळ्यावर उतरवलं.

जिन्यात मी विचारलं, "इतक्या ठिकाणी पळाली. इथलंच एवढं काय घेऊन बसलात?"

तो ब्रश पुसत होता. "त्या बाकापुढं पोचली पाहिजे, काकू," तो म्हणाला. "तिच्या पायानं. दुसरीकडं पोचली तर मला काय करायचंय?" मग त्यानं रंगाचा डबा उचलला आणि वर गेला.

आता यात माझा जो भाग आहे तो सांगायला हवा. ओवी चालायला लागल्यापासून जिना उतरून आली की थेट माझ्या रांगोळीवर चाल करायची. मी तिला तर्जनी दाखवून म्हणायचे, "अं हं! त्यावर पाय नाही द्यायचा. बाप्पाची आहे." चार दिवसांत ती शिकली. मग रोज रांगोळीसमोर थांबून तीच मला तर्जनी दाखवायची, "अं हं," म्हणायची आणि भिंतीला खेटून वळसा घालून जायची. तिच्यामागून तिचा बाप यायचा आणि कोपरा मोडून जायचा. मला फार बरं वाटायचं, की घरात एकाला तरी वळण लागलं. ते वळण कुठे आडवं येणार आहे हे मला कुठे माहीत होतं!

सव्वीस जानेवारीला मी लहान गटाची पंच होते, कारण माझ्या घरचं कुणी पळणार नव्हतं. झेंड्याच्या चबुतऱ्याभोवती पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी मोठी तिरंगी रांगोळी काढली होती. कबड्डीच्या पोरांनी सगळी फक्की संपवून ठेवलेली. शर्यतीची शेवटची रेघ कशानं आखायची? सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, रांगोळी उरलीय ना, मारा एक रेघ." वहिनींचा हात नुसत्या रेघेवर थांबणाऱ्यातला नाही. त्यांनी रेघ ओढली, मधे एक कमळ काढलं, आणि दोन्ही बाजूंना ओळीनं गोपद्मं. मी पाहिलं. "सुंदर झाली हो," असंही म्हणाले.

शर्यत बाकासमोरूनच होती. शिट्टी वाजली. एक मूल तिथेच बसलं, एक उलटं आईकडे गेलं, दोघं एकमेकांना धरून रडायला लागली, आणि एक मुलगा जिलबीच्या टोपलीकडे वळला. ओवी सरळ पळत सुटली. पीं पीं पीं पीं. पुढे बाप, कमरेत वाकलेला, हात पसरून उलटा पळतोय, "ये ये ये ये". बाकावरच्या बायका उभ्या राहिल्या. निम्मं झालं. निम्म्याच्या पुढे गेलं. ती थांबली नाही. मी पंच, मी काही बोलायचं नसतं, पण माझे हात जोडले गेले होते.

बाप उलट्या पावलांनी रेघ ओलांडून गेला. त्याच्यामागून ओवी आली, आणि रेघेपाशी पीं पीं बंद झालं.

तिनं खाली पाहिलं. कमळ पाहिलं. मग तर्जनी वर केली. "अं हं," ती बापाला म्हणाली. "बाप्पाची."

"ये ये," बाप म्हणाला. "ये ना बाळा, ये."

"अं हं."

सगळं आवार ओरडायला लागलं. ये, ये, टाक पाय, उडी मार! पोर गोंधळली, खालचा ओठ पुढे आला. बाकावरची एक आजी हात पसरून तिच्याकडे निघाली, आणि ती अगदी वाकली तेवढ्यात तो ओरडला, "हात लावू नका!"

एवढा मोठा आवाज त्याच्याकडे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. आजी वाकलेल्या तशाच राहिल्या. सगळे गप्प झाले. मी रेघेला लागूनच उभी होते. पायानं थोडी पुसली असती तर पोरीला वाट झाली असती. पण रांगोळीवर पाय माझाही उचलेना.

त्यानं पोरीची नजर जिकडे होती तिकडे पाहिलं. ती त्याच्या बुटाकडे बघत होती. बुटाखाली कमळाची एक पाकळी फरफटलेली होती. तवा पायाला लागावा तसा त्यानं पाय उचलला. मग रेघेच्या पलीकडे जमिनीवर उकिडवा बसला आणि म्हणाला, "खरंय तुझं. मग कुठनं येणार?"

ओवीनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आणि रेघेच्या कडेकडेनं चालायला लागली. पळत नाही, चालत. एकेका गोपद्मापाशी वाकून बघत. कुणी हललं नाही. तेवढ्यात जिलबीवाला मुलगा जिलबी चोखत आला आणि कमळाच्या मधून गेला. त्याचा पहिला नंबर. टाळ्यासुद्धा कुणी धड वाजवल्या नाहीत, सगळे तिच्याकडे बघत होते. रेघ मोगऱ्याच्या कुंडीजवळ संपत होती. रेघ आणि कुंडी यांच्यामधल्या फटीतून ती आडवी होऊन, पोट आत घेऊन पलीकडे गेली. आणि मग पळाली. पीं पीं पीं, थेट बापापर्यंत.

तो हस्तांदोलन विसरला. तिनंच हात पुढे केला. त्यानं तो धरला आणि तसाच मागे बसला, लोखंडी टोकाचे बूट पुढे पसरून, आणि मोठ्यानं रडायला लागला. पुरुष रडतात तसा चोरून नाही. मी डोळ्यांना पदर लावला. का लावू नये?

सेक्रेटरींना मात्र नियम आठवला. "हिनं रेघ ओलांडलीच नाही. कडेनं आली. काय करायचं, पंच?"

"बाद," तोच खालून नाक पुसत म्हणाला. "नियमात बसत नाय."

मी म्हटलं, "नियम फळ्यावर लिहिलाय. उचलू नये एवढाच आहे. हिला कुणी उचललं का? नाही. मग ती पोचली." पोचलेल्यांत तिचा नंबर शेवटून पहिला होता, त्याचं बक्षीस नव्हतं. माझ्या घरात स्टीलच्या डब्यांना तोटा नाही, मी एक आणून दिला. तो त्यानं उलटा करून बुड पाहिलं आणि ठेवून घेतला.

बाकावर त्या संध्याकाळी एकच विषय होता. "काय शहाणी पोर हो! एवढीशी, पण रांगोळीवर पाय दिला नाही." कुणी नातवाला बोलावून तिचं उदाहरण देत होतं. तिच्या चालण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. जणू तो प्रश्न त्यांनी कधी विचारलाच नव्हता. तो त्या दिवसापासून पुढच्या फाटकानं यायला लागला.

मार्चमध्ये टेंपो आला. सामान सकाळीच भरायला घेतलं. मी नुकतीच रांगोळी काढून उठले होते. हा डोक्यावर दुमडलेली गादी घेऊन जिना उतरत होता. गादी डोळ्यांवर आलेली, समोरचं काही दिसत नव्हतं. मी ओरडणार होते, तेवढ्यात पीं पीं ऐकू आलं. ओवी त्याच्या पुढे होती. शेवटची पायरी उतरून ती वळली, वाकली, दोन्ही हात पसरले आणि उलट्या पावलांनी भिंतीला खेटून मागे मागे जायला लागली. "ये ये ये ये."

तो आवाजाच्या मागे मागे गेला, एकेक पाय चाचपत, भिंतीला गादी घासत. फाटकापाशी पोचल्यावर तिनं हात पुढे केला. त्याचे दोन्ही हात गादीला गुंतलेले होते, म्हणून तिनं त्याच्या विजारीला धरूनच हस्तांदोलन केलं.

टेंपो गेल्यावर मी वाकून पाहिलं. रांगोळीचे चारही कोपरे शाबूत होते.